गावाच्या वतीने गुद्रून

वेस्टरहोल्म गावात देवावर विश्वास ठेवण्याचे काम गुद्रून टोफ्टगोरकडे होते. तिची कोणी नेमणूक केली नव्हती. सभागृहाची किल्ली जशी एकदा कोणाच्या तरी घरी ठेवायला दिली जाते आणि मग कायमची तिथेच राहते, तसा गावाचा विश्वास तिच्याकडे राहून गेला होता. बाकीच्यांची त्यामुळे मोठी सोय झाली होती. चर्चचा कर सगळे भरत, मुलांची नावे तिथेच ठेवली जात, माणसे तिथेच पुरली जात, आणि नाताळच्या आदल्या दिवशी तर बसायला जागा मिळत नसे. पण वर्षातले उरलेले रविवार हे ज्याच्या त्याच्या झोपेचे होते. तरीही देव असलाच, तर त्याच्याशी अधूनमधून कोणीतरी बोलत राहायला हवे, आणि ते कोणीतरी म्हणजे गुद्रून, यावर गावाचे एकमत होते. ज्या गावाला बसथांब्याचा रंग ठरवायला दोन हिवाळे लागले, त्या गावात हे एकमत थोडेथोडके नव्हते.

गुद्रूनचे माहेर खाडीच्या पलीकडच्या काठावर. तिची आई फार कर्मठ. घरात पत्ते नाहीत, नाच नाही, आणि रविवारी तर विणकामाच्या सुयाही खणात बंद. एकोणिसाव्या वर्षी गुद्रून आईचा डोळा चुकवून अलीकडच्या काठावर नाचाला आली, आणि परतीच्या वेळी नावेचे इंजीन बिघडले. ते दुरुस्त करायला जो तेलाने माखलेला तरुण खाली उतरला तो विगो. इंजीन लवकरच सुरू झाले, पण तोवर व्हायचे ते होऊन गेले होते. विगोला तेल, वंगण आणि वर्तमानपत्र यापलीकडे कशाचीच ओढ नव्हती. लग्नानंतर दर रविवारी तो तिला गाडीतून चर्चपर्यंत सोडी, पण स्वतः उतरत नसे.

"तू जा आत. तुझी तिकडे ओळख आहे," तो म्हणे. "मी गाडी गरम ठेवतो."

मग तो थर्मासमधली कॉफी पीत, पेपर वाचत, उपासना संपेपर्यंत भिंतीलगत थांबे. असे चाळीसएक वर्षे चालले. आता तो त्याच भिंतीच्या आतल्या अंगाला, गाडी लावत असे त्या जागेपासून हातभर अंतरावर, मातीखाली होता. गुद्रून म्हणायची, "त्याला फारसा फरक जाणवला नसेल."

ती नवी नवरी म्हणून आली तेव्हा चर्चमधले पुढचे बाक बायकांनी भरलेले असत. मग पुढचे बाक रिकामे होत होत मोकळेपण मागे सरकत आले. शेवटी बेकरीवाली एस्तर गेली आणि अख्ख्या चर्चमध्ये गुद्रून एकटी उरली.

बेवारस पडलेल्या त्या बाकांबद्दल सर्वांत जास्त हळहळ वाटे ती शेजारच्या थोरकिलला, आणि थोरकिल तर गावातला सर्वांत पक्का नास्तिक. शाळेतून निवृत्त झाल्यापासून तो दर हिवाळ्यात सभागृहात व्याख्यान देई आणि माणसाने धर्माच्या धुक्यातून बाहेर कसे यावे हे नकाशासह समजावून सांगे. त्याचा अविश्वास गुद्रूनच्या विश्वासाइतकाच शिस्तीचा होता. दोघांच्या घरांमध्ये बीच जातीच्या झुडपांचे कुंपण होते, आणि शनिवारी दुपारी ते कापायला काही नसले तरी थोरकिल कात्री घेऊन तिथे हजर होई.

"उद्या जाणारच आहेस ना?"

"कुठे?"

"तिकडे." तो चर्चच्या दिशेला नुसती हनुवटी वळवी. त्या इमारतीचे नाव घेणे त्याच्या तत्त्वात बसत नसे.

"जाणारच आहे. का रे?"

"काही नाही. मंगळवारी मोतीबिंदू काढायचाय. डॉक्टर हुशार आहे, मशीन नवं आहे. काळजीचं काही कारण नाही."

"मग?"

"म्हणून म्हटलं, तू जातेच आहेस तर... जाता जाता."

"पण तुझा विश्वास नाही ना, थोरकिल?"

"मुळीच नाही. पण तुझा आहे ना? मग माझ्या विश्वासाचा इथे संबंधच कुठे येतो?"

"बरं. कोणता डोळा?"

"तुझ्या त्याला सगळं कळतं ना?"

"कळतं. पण सांगितलेलं बरं."

थोरकिलने रस्त्याच्या दोन्ही टोकांना पाहून घेतले. "डावा," तो हळूच म्हणाला.

दुसऱ्याच्या वहाणेने विंचू मारावा, तशी गुद्रूनच्या तोंडाने प्रार्थना करणारा तो काही एकटा नव्हता. डुकरे पाळणारा अक्सेल डुकरिणीने खाणे सोडले की अंडी द्यायच्या निमित्ताने येई. दुकानवाली बेन्टे मुलीच्या परीक्षेच्या आठवड्यात गुद्रूनच्या पिशवीत न मागितलेले चॉकलेट टाकी आणि सुटे देताना हात जरा जास्त वेळ धरून ठेवी. गुद्रून सगळ्यांचे निरोप नेई. एका रविवारी मात्र घाईत घोटाळा झाला, आणि अक्सेलच्या डुकरिणीसाठी मागायची भूक तिने थोरकिलच्या नावावर मागितली. पुढचा सगळा आठवडा थोरकिल दोन-दोनदा वाढून घेत होता हे ऐकून ती चांगलीच दचकली. पण हे तिने कोणाला सांगितले नाही.

या सगळ्यात तिला स्वतःसाठी काही मागायला फुरसतच होत नसे. शेवटचे मागितले होते ते विगोच्या आजारात, आणि ते मिळाले नव्हते. त्यानंतर तिने आपला विषय काढलाच नाही. कधीकधी बाकावर बसल्या बसल्या तिला वाटे, मी इथे येते ती मला देव हवा आहे म्हणून, की अक्सेलच्या डुकरिणीला हवा आहे म्हणून? पण हा प्रश्न सोडवायचा तर एखादा रविवार मोकळा हवा, आणि रविवारीच तिला मोकळीक नव्हती.

त्यातच बेन्टेने गावात थंड पाण्यात डुंबणाऱ्यांचे मंडळ काढले.

खाडीच्या धक्क्यावर लाकडी शिडी बसवली, शेजारी वाफेची खोली बांधली, आणि दोन हिवाळ्यांत सगळे गाव तिथे लोटू लागले. रविवारी दहा वाजता लांब पांढरे अंगरखे घालून माणसे एका ओळीत, मुकाट्याने धक्क्यावर चालत जात. एकेक जण पाण्यात उतरे, डोके बुडवी आणि लाललाल होऊन, नवा जन्म मिळाल्यासारखा वर येई. मग वाफेच्या खोलीत दाटीवाटीने बसून ते एकमेकांना आपापले अनुभव सांगत, आणि जे अजून आले नव्हते त्यांच्याविषयी कळवळा व्यक्त करीत. चर्च टेकडीवर होते. गुद्रूनच्या बाकाशेजारच्या खिडकीतून धक्का थेट दिसे. प्रवचन चालू असताना तिची नजर त्या शिडीवर खिळलेली असायची. खाडीच्या काठावर जन्म गेला, पण हिवाळ्यात तिने पाण्याला पाय लावला नव्हता. गेल्या शरदात तिने शहरातून एक निळा पोहण्याचा पोशाख आणला आणि खणात ठेवून दिला. रविवारी तो खण उघडायचा नाही, हे तिला कोणी सांगावे लागले नाही.

"दुसरी वेळ नाही का गं जमणार?" तिने एकदा दुकानात विचारून पाहिले.

"रविवारी दहाला कोणालाच काही नसतं ना, म्हणून ठेवली," बेन्टे म्हणाली. मग तिने मान वर केली. "म्हणजे... तुला सोडून."

तसे गुद्रूनने एखादा रविवार बुडवला असता तर आकाश कोसळले नसते. चर्च मात्र कोसळले असते. पाद्री मारेन तरुण होती, तिच्याकडे चार गावची चर्चे होती. पगारी माणसे सोडून कोणीच आले नाही, तर उपासना रद्द करून तिने पुढच्या गावाला जायचे, अशी जुनी रीत. आणि शरदात चर्चच्या वरच्या कचेरीतून निरोप आला होता की वेस्टरहोल्ममध्ये या हिवाळ्यात एकदा जरी उपासना रद्द झाली, तरी दाराला कुलूप लागेल. शेजारच्या गावाला असे कुलूप लागून गेले होते. तिथल्या चर्चमध्ये आता शहरातले एक जोडपे सुट्टीला येऊन राही, आणि वेदीच्या जागी त्यांनी न्हाणीचा टब बसवला होता. म्हणजे आठशे वर्षांची ती दगडी वास्तू गुद्रूनच्या एका बैठकीवर तोललेली होती.

फेब्रुवारीत तिला पंचाहत्तर वर्षे पूर्ण झाली. शुक्रवार होता. सकाळीच अक्सेलने वाढदिवसाच्या रीतीप्रमाणे तिच्या अंगणातल्या काठीवर झेंडा चढवला, आणि दुपारी कॉफीला, सायीच्या थरांचा केक खायला सगळे गाव आले. भेटवस्तूंचा विषय निघाला, तेव्हा बेन्टे म्हणाली, "आम्ही वर्गणी काढणार आहोत, गुद्रून. लाजू नकोस. काय हवं ते सांग."

गुद्रूनने कपात साखर ढवळली. "एक रविवार द्या."

सगळे हसले. मग अक्सेलने हसणे थांबवले, आणि एकेक करून बाकीचेही थांबले.

"रविवार म्हणजे?"

"म्हणजे परवा मी चर्चला जाणार नाही. धक्क्यावर येणार आहे. पोशाख घेऊन ठेवलाय."

"अगं, पण मग तिकडे कोण?"

"तेच तर तुमच्याकडे मागतेय."

थोरकिलने चमच्याने कपावर टकटक केले आणि तो उभा राहिला. तो उभा राहिला की लोक खुर्चीत जरा सैल होऊन बसत, कारण ते लवकर संपणार नाही हे ठाऊक असे.

"मित्रहो, माझी मतं तुम्हाला माहीत आहेत," त्याने सुरुवात केली. "तरीही काही गोष्टी प्रामाणिकपणे मान्य करायला हव्यात. आपण मोठी घरं बांधली, मोठी इस्पितळं बांधली. पण संध्याकाळी माणसं एकमेकांच्या दारावर टकटक करायची, ते गेलं. मुलांना झोपेच्या गोळ्या लागतात. पूर्वी माणसाला लाज वाटायची ती वरच्याची. आता फक्त कॅमेऱ्याची वाटते. मी म्हणतो, ही पोकळी भरायला हवी. समाजाला श्रद्धेची गरज आहे. मला व्यक्तिशः नाही. पण समाजाला आहे."

"समाज म्हणजे कोण?" अक्सेलने विचारले.

सगळ्यांच्या माना गुद्रूनकडे वळल्या. तिच्या तोंडात केक होता.

तिने तो सावकाश गिळला. "मग जा ना तुमच्यापैकी कोणीतरी."

"मी गेले असते," बेन्टे म्हणाली, "पण खरं सांगू? मला ते पाण्यातच जास्त जाणवतं."

"माझी डुकरं असतात ना," अक्सेल म्हणाला.

"दहाला तुझी डुकरं खाऊन घोरत असतात," गुद्रून म्हणाली. "आणि तू थोरकिल?"

"मला जाता येणार नाही. तत्त्वाचा प्रश्न आहे. विश्वास नसताना तिथे जाऊन बसणं म्हणजे शुद्ध ढोंग."

"अस्सं? आणि डावा डोळा?"

बाहेर झेंड्याची दोरी काठीवर आपटली.

"कोणता डावा डोळा?" अक्सेल म्हणाला. मग त्याचे डोळे बारीक झाले. "थोरकिल! तूसुद्धा?"

"सुद्धा म्हणजे?" बेन्टे म्हणाली. "तू काय पाठवतोस?"

"काही नाही. एखादी डुकरीण. तुझं काय?"

"मुलीची परीक्षा," बेन्टे म्हणाली आणि स्वेटरची बाही ओढत बसली.

कोपऱ्यातून कोणीतरी गुडघ्याचा उल्लेख केला, कोणीतरी जावयाचा. तिथे बसलेल्या प्रत्येकाला इतकी वर्षे वाटत होते की चोरून निरोप पाठवणारा गावात आपण एकटाच. आपल्या एवढ्याशा कामाने गुद्रूनला काय होणार, असा त्यांचा हिशेब होता. आता त्या चिमुकल्या बाईने दर रविवारी काय काय वाहून नेले असेल ते त्यांच्या डोळ्यांपुढे आले, आणि केकला कोणी हात लावेना.

थोरकिल अजून उभाच होता, आणि उभ्या माणसाला पळता येत नाही. "ठीक आहे," तो म्हणाला. "परवा मी जातो. पण निरीक्षक म्हणून. हे सगळ्यांनी लक्षात ठेवा."

रविवारी हवा गोठलेली होती. अंगरख्याखाली निळा पोशाख घालून गुद्रून धक्क्यावर आली, तेव्हा टेकडीवर घंटा सुरू झाली होती. तिने वळून पाहिले. थोरकिल चर्चच्या फाटकापाशी पोचला होता. तिथे थांबून तो चष्मा पुसू लागला. पुसून झाला. त्याने तो पुन्हा काढला आणि पुन्हा पुसायला घेतला.

"चल गुद्रून, तू पहिली," बेन्टे म्हणाली. "आज मान तुझा."

"थांब गं जरा."

"जितकी थांबशील तितकी भीती वाढते. दोन्ही हातांनी शिडी धर. काही झालं तरी सोडू नकोस."

गुद्रून शिडीवर उतरली. पाणी घोट्याला लागले आणि तिचा श्वास वरच राहिला. पण तिचे सगळे लक्ष कानांत होते. चर्चचा पगारी माणूस ओटो घंटा वाजवी, आणि घंटा थांबल्यावर शेवटी प्रार्थनेचे ठोके देई, तीन-तीन करून तीनदा. बाकावर कोणी बसलेले असेल तरच तो ते देई. कोणी नसेल तर दोरी खुंटीला अडकवून घरी जाई. घंटा थांबली. टेकडीवर काही हलेना. विगोजवळच्या भिंतीवर एक कावळा बसला होता, तोही गप्प. आता न्हाणीचा टब आला, गुद्रूनच्या मनात आले. माझ्या एका डुबकीपायी टब आला.

आणि ठोका पडला. एक, दोन, तीन.

लहानपणापासून हे ठोके ऐकले की गुद्रूनचे हात आपोआप जुळत. आताही ते जुळले. दोन्ही.

पाण्याने तिला एका घासात आत घेतले. वर आली तेव्हा तिच्या तोंडून अशी आरोळी निघाली की धक्क्यावरची सगळी ओळ एक पाऊल मागे सरली: "देवा, मला वर काढ!"

काढले ते बेन्टे आणि अक्सेल यांनी. वाफेच्या खोलीत तिला सर्वांत वरच्या फळीवर बसवले. ती उकडलेल्या खेकड्यासारखी लाल झाली होती आणि विलक्षण आनंदात होती.

"काय ओरडलीस गं?" बेन्टेने विचारले.

"काही नाही."

"मी ऐकलं ना."

"मग विचारतेस कशाला?"

गुद्रून पायाची बोटे चोळत बसली. विगोच्या आजारानंतर तिने स्वतःच्या नावावर पाठवलेला तो पहिलाच निरोप होता. आपला विश्वास आहे की नाही, हे पाठवण्याआधी तपासायला वेळच मिळाला नव्हता.

दुपारपर्यंत गावात वेगळीच बातमी पसरली. ओटोने ती दुकानात सांगितली आणि बेन्टेने ती कोणाला न सांगता ठेवली नाही. थोरकिल बदलला! अख्खे प्रवचन त्याने उभे राहून ऐकले, मान खाली घालून, शेवटी तर पाय थरथरत होते. मारेन तर इतकी भारावली की नेहमीच्या दुप्पट बोलली. नास्तिकतेवरच्या पुढच्या व्याख्यानासाठी सभागृह मिळायचे की नाही, इथवर चर्चा गेली.

संध्याकाळी गुद्रून स्वतःच कुंपणापाशी गेली. थोरकिल पायरीवर बसला होता आणि पाय गरम पाण्याच्या बादलीत होते.

"उभा का राहिलास रे?"

"बायबलचं वाचन सुरू झालं तेव्हा ओटोने खूण केली, म्हणून राहिलो," तो कण्हत म्हणाला. "बसायचं कधी ते कोण सांगणार? पुढे कोणी नाही, मागे कोणी नाही. ओटो वर घंटेपाशी जाऊन तिथून नुसता बघत बसला. मला वाटलं, मारेन माझ्याकडे बघून बोलतेय, आता बसलो तर तिचा अपमान. आणि तिला वाटलं, हा उभा राहून ऐकतोय, आता थांबले तर ह्याचा अपमान. दोघंही सभ्य. संपणार कसं? तू कसं ओळखतेस बसायचं?"

"पुढच्या बाकावरच्या बायका बसल्या की मी बसायचे."

"त्या सगळ्या मेल्या, गुद्रून."

"हो. अलीकडे मीही अंदाजानेच बसते."

थोरकिलने बादलीतले पाय हलवले.

"पुढच्या रविवारी पुन्हा जावं लागणार," तो शेवटी म्हणाला. "मेंढपाळ आणि हरवलेल्या मेंढीबद्दल ती जे बोलली, ते शेतीशास्त्राला धरून नाही. एका मेंढीसाठी बाकीच्या सगळ्या उघड्यावर सोडायच्या? कोणीतरी तिला उत्तर द्यायला हवं."

"मग मीही येते तुझ्याबरोबर. बसायचं कधी ते दाखवायला."

"नको, नको. तू तुझं पाणी बघ. एक रविवार आड ये पाहिजे तर." त्याने रस्त्याच्या दोन्ही टोकांना पाहून घेतले आणि आवाज उतरवला. "तुला तिकडे काही सांगायचंय का? मी जाणारच आहे, म्हणून विचारतोय. माझा विश्वास नाही, हे तुला माहीतच आहे."

गुद्रूनने विचार केला. असे तिला कोणी कधी विचारले नव्हते, त्यामुळे तयार काही नव्हते.

"पाणी छान होतं म्हणावं," ती म्हणाली. "आणि पायाची बोटं अजून बधिर आहेत, तेवढं बघायला सांग."

"कोणता पाय?"

"त्याला कळतं रे सगळं."

"कळत असेल," थोरकिल म्हणाला. "पण सांगितलेलं बरं."

"डावा," गुद्रून म्हणाली, आणि आत जाऊन तिने तो निळा पोशाख भर रविवारी दोरीवर वाळत घातला.